मदत हवी आहे : ‘सराउंड’ या इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ आणि मूळ

नदीकाठची

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी क्रियापदापाशी काम अडलं आहे, मदत करा.

इंग्लंडच्या पूर्व भागात फेन्स नावाचा सखल, दलदलीचा प्रदेश आहे. सतराव्या शतकात तिथे कालवे खणले, बांध घातले, पाणी समुद्राकडे काढून दिलं आणि शेतजमीन मोकळी केली. त्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. या सगळ्या उद्योगाची कायदेशीर सुरुवात म्हणजे एलिझाबेथ राणीच्या काळातला १६०१ सालचा कायदा. त्याच्या लांबलचक नावातच उद्देश सांगून टाकला आहे : आइल ऑफ ईली आणि केंब्रिज, हंटिंग्डन, लिंकन, नॉरफोक, सफोक वगैरे परगण्यांतल्या कित्येक लाख एकर दलदली व इतर जमिनी परत मिळवण्याबाबत. आणि या जमिनी कशा? तर ‘सब्जेक्ट कॉमनली टू सराउंडिंग’.

सराउंड म्हणजे वेढणे, घेरणे, हे शाळेत पाठ केलेलं. पण इथे वेढणारं कोण? वाक्यात कर्ता नाही, ‘कशाने’ तेही नाही. शिवाय ‘सर्वसाधारणपणे वेढल्या जाणाऱ्या जमिनी’ हे मराठीत वाचून कुणाला काय कळणार? फेन्सच्या त्या काळच्या कागदांत ‘सराउंडेड ग्राउंड्स’ असाही प्रयोग येतो आणि तिथेही शेजारीपाजारी शत्रू, सैन्य, कुंपण यांपैकी काहीच नसतं. असतं ते फक्त पाणी. त्यामुळे इथे अर्थ पुराशी संबंधित असावा असा दाट संशय आहे, पण संशयावर अनुवाद छापायचा नाही. माझ्याकडच्या इंग्रजी-मराठी कोशात वेढणे, घेरणे, सभोवती असणे एवढंच आहे.

तर या क्रियापदाचा त्या काळी नेमका अर्थ काय होता, मूळ कुठलं, आजचा अर्थ कधी आणि कसा आला? आणि कायद्याच्या त्या शब्दांना मराठीत चपखल काय म्हणता येईल?

जुनीपुस्तके

ताई, तुमचा संशय बरोबर आहे. ‘सराउंड’चा मूळ अर्थ बुडवणे, पाण्याखाली घालणे, काठावरून पाणी वाहून जाणे. वेढण्याशी त्याचा आरंभी काही संबंध नव्हता.

मूळ लॅटिन. ‘सुपर’ म्हणजे वर, आणि ‘उंदा’ म्हणजे लाट. उंदावरून ‘उंदारे’, लाटांनी वाहणे. दोन्ही मिळून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘सुपेरुंदारे’, वरून वाहणे, उतू जाणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं झिजून ‘सुरोंदे’सारखं रूप झालं. नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच इंग्लंडात गेली आणि कायद्याच्या भाषेत पुढची काही शतकं टिकली. त्या वाटेने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो, आणि अर्थ पुराचाच. तुमचा कागद कायद्याचा आहे हे इथे महत्त्वाचं, कारण कायद्याची भाषा जुने अर्थ जास्त काळ धरून ठेवते.

आता शब्द फोडून बघा. लोक तो ‘सर’ अधिक ‘राउंड’ असा फोडतात. खरी फोड ‘सुर’ अधिक ‘ओंद’ अशी आहे. त्यातला ‘र’ पहिल्या तुकड्याचा, म्हणजे ‘वर’ या अर्थाच्या उपसर्गाचा. तो पुढच्या ‘अउंड’ला चिकटला आणि कानाला ‘राउंड’ ऐकू यायला लागलं. वर्तुळाचा ‘राउंड’ वेगळ्याच घरचा आहे, लॅटिन ‘रोतुंदुस’ म्हणजे गोल, आणि त्यामागे ‘रोता’ म्हणजे चाक. आपला रथ त्या चाकाचा नातलग.

आणि लाटेचा नातलग म्हणाल तर उदक! संस्कृतातला उन्द् धातू, अर्थ भिजवणे, त्याच कुळातला. इंग्रजी ‘वॉटर’ही त्याच गोतावळ्यातलं. म्हणजे ‘सराउंड’मध्ये उदक दडलेलं आहे, आणि शब्द वापरणाऱ्याला चार शतकं त्याची दाद नाही. मला हे फार विलक्षण वाटतं.

या उंदाची इंग्रजीतली बाकीची मुलंही पाण्याचीच : ‘इननडेट’ म्हणजे जलमय करणे, ‘अन्ड्युलेट’ म्हणजे लाटांसारखं वरखाली होणे, ‘अबाउंड’ म्हणजे ओसंडणे (त्यात ‘बाउंड’ शोधू नये), आणि ‘रिडन्डन्ट’ म्हणजे मुळात ओसंडून बाहेर पडलेलं, म्हणून जास्तीचं.

नदीकाठची

मनापासून आभार! ‘र’ची ही उडी मला कधीच सुचली नसती. पण बुडवण्यावरून वेढण्यावर गाडी गेली ती नुसत्या आवाजाच्या भासामुळे? आणि कधी? माझा कायदा बदलाच्या अलीकडचा की पलीकडचा, हे अनुवादासाठी मला नक्की हवं आहे.

जुनीपुस्तके

आजचा अर्थ सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो. तुमचा कायदा १६०१ चा, म्हणजे जुन्या अर्थाच्या अखेरच्या दिवसांतला. ‘राउंड’ ऐकू येतं म्हणून अर्थही गोलाकडे वळला, कोशकार साधारण असंच सांगतात. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात : अनोळखी शब्दात लोक ओळखीचा शब्द ऐकतात आणि मग त्याचं रूप किंवा अर्थ त्या भासाप्रमाणे बदलतो. आपल्याकडे पाव पायाने मळतात म्हणून पाव, असं अजून छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो शब्द पोर्तुगिजांच्या ब्रेडचा आहे, पायाशी त्याचा संबंध नाही. फरक एवढाच की पावाचा अर्थ बदलला नाही, ‘सराउंड’चा पार पालटला.

तुमच्या लेखाच्या विषयातलंच आणखी एक उदाहरण देतो. ‘आयलंड’मधला न उच्चारला जाणारा ‘एस’. जुन्या इंग्रजीत तो शब्दात नव्हताच. फ्रेंचांकडून आलेल्या ‘आइल’मध्ये ‘एस’ होता, दोन्ही शब्द एकाच घरचे असावेत असं समजून लिहिणाऱ्यांनी तो ‘आयलंड’मध्येही घुसवला. वास्तविक दोघांचं मूळ वेगवेगळं आहे.

मग १६०० पूर्वी वेढण्याला इंग्रज काय म्हणत? ‘कम्पस’ आणि ‘एन्व्हायरन’ हे त्या वेळचे नेहमीचे शब्द. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये यरीहो शहराभोवती फेऱ्या घालण्याचा जो हुकूम आहे, तिथे ‘कम्पस’ हेच क्रियापद आहे. ‘एन्व्हायरन’वरून पुढे ‘एन्व्हायरन्मेंट’ झालं आणि आपण त्याला परि अधिक आवरण करून पर्यावरण म्हटलं. मिल्टनच्या १६६७ च्या महाकाव्यात तिसऱ्या सर्गाच्या आरंभी तो स्वतःच्या आंधळेपणाबद्दल बोलतो, कायमचा काळोख मला वेढून आहे म्हणतो, आणि तिथे क्रियापद ‘सराउंड’ आहे. तोवर नवा अर्थ पुरता रुळलेला होता. काळोखाच्या जागी पाणी ठेवून ती ओळ वाचली तरी ती उभी राहते.

कृष्णाकाठ

मी भाषेचा अभ्यासक नाही, शिरोळ तालुक्यातला शेतकरी आहे. पण ‘आवाजाच्या भासामुळे अर्थ बदलला’ यात एक गोष्ट राहून जाते आहे असं वाटतं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पूर येतो तेव्हा आधी पाणी पात्राबाहेर पडतं, मग मळीच्या रानात शिरतं. ऊस बुडतो, मोटारी बुडतात. तोवर गाव कोरडंच असतं, कारण गाव उंचवट्यावर. मग ओढ्यानाल्यांतून पाणी मागच्या बाजूनं फिरतं, रस्ते जातात, आणि पेपरात बातमी येते, अमुक गावाला पाण्याचा वेढा. २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला आम्ही हे बघितलं. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, तिथं पाणी चढत चढत देवळात येतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वाराला लोक स्नानाला जमतात. त्याच वेळी शेजारच्या गावाला होडीशिवाय वाट नसते.

सांगायचं एवढंच, की रान बुडतं आणि गाव वेढलं जातं, पण पाणी तेच आणि दिवसही तोच. दलदलीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हे दोन अर्थ लांबचे वाटलेच नसतील. कान फसला असेल, पण डोळ्यासमोर जे होतं त्यानं त्या फसण्याला आधार दिला असेल.

ताई, तुमच्या वाक्यात मात्र जमीन आहे, गाव नाही. तेव्हा ‘वेढा’ नको. जमीन बुडते.

फेनवासी

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी पीटरबरोच्या बाजूला राहतो, फेन्सच्या अगदी काठावर. कृष्णाकाठ दादांनी लिहिलेलं चित्र इथे तंतोतंत लागू पडतं.

ईली हे आज साधं शहर आहे, चारी बाजूंना सपाट काळी शेतं. पण ते मातीच्या उंचवट्यावर आहे आणि पाणी काढण्यापूर्वी खरोखरच बेट होतं, म्हणून ‘आइल ऑफ ईली’. इथल्या थॉर्नी, रॅम्झी, व्हिट्लसी या गावांच्या नावांतली शेवटची ‘ई’ हा जुन्या इंग्रजीतला बेटासाठीचाच शब्द आहे. आता गाडीने जाताना बेट कुठेच दिसत नाही, नावात तेवढं उरलं आहे.

आणि ‘सराउंडिंग’ पूर्ण थांबलेलंही नाही. बेडफर्डच्या अर्लने १३ भागीदार घेऊन डच अभियंता व्हर्मायडेनकडून १६३० च्या दशकात सरळसोट कालवा काढला, ओल्ड बेडफर्ड रिव्हर, लांबी २१ मैल. नंतर १६५१ मध्ये त्याला समांतर दुसरा काढला. दोघांच्या मध्ये सुमारे अर्ध्या मैलाची पट्टी मुद्दाम मोकळी ठेवली, ती ऊझ वॉशेस. हिवाळ्यात जादा पाणी त्या पट्टीत सोडतात. तिथून वेल्नी गावाकडे जाणारा रस्ता दर हिवाळ्यात पाण्याखाली जातो आणि बंद करतात. कालव्याच्या बांधावर उभं राहिलं की एका हाताला क्षितिजापर्यंत पाणी आणि हंस, दुसऱ्या हाताला नांगरलेलं शेत, आणि शेत पाण्यापेक्षा खाली. पाणी काढल्यावर इथली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, माती सुकून बसत गेली त्याचा हा परिणाम. होम नावाच्या गावाजवळ १८५१ च्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीत पुरला होता, वरचं टोक जमिनीबरोबर. आज तो साधारण ४ मीटर उघडा पडला आहे. लेखात याला जागा द्याच.

‘रिडन्डन्ट’बद्दल एक. इथे नोकरी जाते तेव्हा कागदावर हाच शब्द असतो. भांड्यातून सांडलेलं पाणी असा त्याचा मूळ अर्थ कळल्यावर ते पत्र हातात पडलेल्या माझ्या ओळखीच्या लोकांची आठवण झाली.

खारेपाट

मराठी प्रतिशब्दांबद्दल दोन गोष्टी, कारण असल्या जमिनीवरच आमचं आयुष्य गेलं.

‘पाणथळ’ वापरू नका, तुमच्या वाक्यात ‘मार्शेस’ आधीच आहे, दोनदा तेच होईल. ‘बुडीत क्षेत्र’ म्हटलं की आज वाचकाला धरण आठवतं, कायमचं गेलेलं गाव आठवतं. ‘पाणलोट’ तर अजिबात नको, ते पाणी जिथून गोळा होऊन येतं ते क्षेत्र. ‘पूरबाधित’ हा पंचनाम्याचा शब्द, १६०१ च्या तोंडी शोभत नाही. सरळ ‘वरचेवर पाण्याखाली जाणाऱ्या’ असं लिहा. त्यात ‘कॉमनली’ही येतं.

दुसरं, लेखात फेन्समधल्या डेन्व्हर गावच्या स्लूसचा, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराचा, उल्लेख येणारच, त्याला ‘जलद्वार’ लिहू नका अशी विनंती. पेण-अलिबागकडे खारबंदिस्तीला, म्हणजे समुद्राचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, जे दार असतं त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ती मिटते, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडते. गोव्यात खाजण शेतीत त्यालाच मानस म्हणतात. डेन्व्हरलाही काम तेच, समुद्राची भरती आत येऊ न देणं. बांध फुटला तर ‘बांधाला खांड पडली’. मराठीत हे शब्द वापरात आहेत, मग ते सोडून बनवलेले कशाला घ्यायचे?

बखरवाचक

विषय वेढ्याचा निघालाच आहे तर आणखी तीन क्रियापदांची नोंद करून ठेवतो. इंग्रजी कागदांवरून मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना ती हटकून भेटतात आणि तिन्हींना आपण ‘वेढा घालणे’ म्हणून मोकळे होतो.

‘बिसीज’ : यातला ‘सीज’ म्हणजे मुळात आसन, बैठक. लॅटिन बसण्याच्या धातूवरून. संस्कृत सद् त्याचा भाऊ, ज्यावरून सदन आणि परिषद. किल्ल्यापुढे ठाण मांडून बसणं ही कल्पना, आपल्या ‘वेढा बसला’सारखीच.

‘बिलीगर’ : हा डचांकडून सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. डच ‘लेगर’ म्हणजे छावणी. आज तो मुख्यतः अडचणींनी गांजलेल्या माणसाबद्दल वापरतात.

‘इन्व्हेस्ट’ : हा सगळ्यात फसवा. लॅटिन ‘वेस्तिस’ म्हणजे वस्त्र, आणि आपलं वस्त्रही त्याच मुळाचं. इन्व्हेस्ट म्हणजे वस्त्र चढवणे. त्यावरून अधिकारपदाची वस्त्रे देणे. १७२० मध्ये शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली, त्याला इंग्रज हेच क्रियापद लावणार. त्यावरूनच किल्ल्याला सैन्याचं आवरण घालणे, म्हणजे चहूकडच्या वाटा बंद करणे. लष्करी भाषेत वेढ्याची ही पहिली पायरी. आधी इन्व्हेस्ट, मग मोर्चे लावून बिसीज. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळा धरला, तेव्हा वाटा रोखणं हे पहिलं काम, आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन आले ते दुसऱ्या पायरीसाठी. मराठीत पहिल्याला ‘कोंडी करणे’ किंवा ‘नाकेबंदी’ म्हटलं तर फरक राहतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबात मात्र ‘इन्व्हेस्टमेंट’ दिसलं तर तो युरोपात पाठवायला खरेदी केलेला माल. एकाच दप्तरात दोन्ही अर्थ भेटतात, तेव्हा आजूबाजूला तोफा आहेत की कापडाचे गठ्ठे, ते बघून ठरवायचं.

आपल्याकडूनही इंग्रजीला एक वेढा गेला आहे. १९६७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कामगारांच्या आंदोलनांमुळे ‘घेराव’ वर्तमानपत्रांत गाजला आणि तिथून इंग्रजी कोशांत शिरला, नाम म्हणून आणि क्रियापद म्हणूनही.

नदीकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार. एवढी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं.

कायद्याच्या शीर्षकाचा अनुवाद आता असा केला आहे : ‘ईली बेटातील व पुढील परगण्यांतील, वरचेवर पाण्याखाली जाणाऱ्या कित्येक लाख एकर दलदली व इतर जमिनी परत मिळवण्यासाठी कायदा’. डेन्व्हरची उघाडीच ठेवते आहे, पहिल्या उल्लेखापाशी एका वाक्यात ती कशी चालते ते सांगेन. होमचा खांबही घेतला. कृष्णाकाठ दादा, रान बुडतं आणि गाव वेढलं जातं हा तुमचा भेद लेखात तुमच्या परवानगीने वापरू का? कोशांच्या म्हणण्याला छेद न देता मला तो पटलेला खुलासा आहे, आणि तसंच लिहीन.

याच कागदांतले आणखी दोन शब्द अडले आहेत. पाणी काढायच्या योजनेत ‘ॲडव्हेंचरर्स’ आणि ‘अंडरटेकर्स’ असे दोन गट येतात. धाडसी लोक आणि अंत्यसंस्कार करणारे नक्कीच नव्हेत. पण मराठीत काय?

कृष्णाकाठ

खुशाल वापरा ताई, त्यात परवानगी कसली.

जुनीपुस्तके

ॲडव्हेंचरर म्हणजे जोखीम पत्करून पैसा घालणारा. त्या काळी ‘ॲडव्हेंचर’चा एक अर्थ धोक्यात टाकलेलं भांडवल असा होता, बेडफर्डचा अर्ल आणि त्याचे भागीदार ते हेच. कोरड्या झालेल्या जमिनीतला हिस्सा हा त्यांचा मोबदला. ‘भांडवल घालणारे’ लिहा. अंडरटेकर म्हणजे काम अंगावर घेणारा, अंत्यविधीचा अर्थ नंतर चिकटला. ‘मक्तेदार’ शब्द जुना आणि छान आहे, पण आज मक्तेदारी म्हटलं की दुसरंच डोक्यात येतं, तेव्हा ‘काम अंगावर घेणारे’ किंवा सरळ ‘कंत्राटदार’.

आणि एक सावधगिरी : याच कागदांत ‘कमिशनर्स ऑफ सूअर्स’ भेटतील. त्यांना गटार आयुक्त करू नका. तिथे ‘सूअर’ म्हणजे पाणी काढून देणारा चर किंवा नाला. लॅटिन ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘आक्वा’ म्हणजे पाणी, तिथून तो आला आहे. बांध, चर आणि उघाड्या यांची देखरेख करणारे ते अधिकारी.

नदीकाठची

हे तर पुढच्याच पानावर होतं! वेळेवर सांगितलंत. लेख संपादकांकडे पुढच्या आठवड्यात जाईल. ‘चर’ला खारेपाटात किंवा गोव्यात आणखी नेमका शब्द असेल तर तोवर इथे लिहा, बदल करता येईल.